सकस ताट आणि महिन्याची यादी

पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या, शहरात राहणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या मराठी कुटुंबाने सकस आहाराकडे कसे वळावे, याचा विचार आहारशास्त्रात पुष्कळ झालेला आहे. परंतु त्या विचाराचा सारा भर ताटावर असतो, आणि ते ताट ज्या दोन गोष्टींतून तयार होते, त्या म्हणजे महिन्याच्या वाणसामानाची यादी आणि स्वयंपाकघरात रोज खर्ची पडणारे श्रम, यांच्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. परिणामी सल्ला बरोबर असतो, तो ऐकणाऱ्यांना पटतोही, आणि तरीही पंधरवड्याच्या आत सकाळच्या चहाबरोबर टोस्ट आणि संध्याकाळच्या भुकेला पाकिटातले नूडल्स परत येतात. कुटुंब निर्धाराला कमी पडले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. सकस अन्न महाग असते ही समजूत हिशेबाला पुरती उतरत नाही, उलट ते वेळखाऊ असते ही तक्रार बव्हंशी खरी आहे. म्हणून अशा कुटुंबाच्या आहारबदलाचा प्रश्न पैशापेक्षा कामाच्या आखणीचा अधिक आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

येथे ज्याला ‘मूळरूप अन्न’ म्हटले आहे, ते म्हणजे शेतातून, झाडावरून, गोठ्यातून किंवा पाण्यातून आल्यानंतर निवडणे, दळणे, भरडणे, वाळवणे, भाजणे, आंबवणे असे साधे संस्कार झालेले अन्न होय. त्यात गिरणीवरून आणलेले ज्वारीचे पीठ, ताक, भाजलेले शेंगदाणे आणि आंबवलेले इडलीचे पीठही बसते. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोन्तेइरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ पासून विकसित केलेल्या ‘नोव्हा’ या वर्गीकरणात अन्नाचे चार गट पाडलेले आहेत. पहिल्या गटात असे मूळरूप अन्न, दुसऱ्यात तेल, साखर, मीठ यांसारखे स्वयंपाकाला लागणारे घटक, तिसऱ्यात त्या दोहोंपासून केलेले खारवलेले, मुरवलेले किंवा टिकवलेले पदार्थ, आणि चौथ्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, म्हणजे ज्यांत मैदा, परिष्कृत तेल, साखरेचे पाक यांच्या जोडीला घरच्या फडताळात कधी नसणारी स्वादद्रव्ये, रंग आणि पायसीकारके (तेल व पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) वापरलेली असतात असे कारखानी पदार्थ येतात. चौथा गट फार ढोबळ आहे, त्यात थंड पेय आणि पाकीटबंद गव्हाचा पाव शेजारी शेजारी बसतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि घरच्या यादीतील कोणत्या ओळींकडे आधी पाहावे, हे ठरवण्यास हे वर्गीकरण पुरेसे आहे.

या चौथ्या गटाचा शरीरावर होणारा परिणाम केवळ त्यातील साखर-चरबीमुळे होतो की आणखी काही त्यात असते, याची नेमकी चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे मूळरूप अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत उष्मांक, साखर, चरबी आणि तंतुमय द्रव्ये सारखी राखली होती, आणि किती खायचे ते खाणाऱ्यांवर सोपवले होते. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर असताना ही माणसे दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले, तर दुसऱ्या आहारावर ते जवळपास तेवढेच घटले. याच अभ्यासात आणखी एक नोंद आहे आणि ती भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: दररोज २००० किलोकॅलरी पुरवणाऱ्या जेवणासाठी आठवड्याला लागणाऱ्या साहित्याचा खर्च अतिप्रक्रिया केलेल्या आहारात १०६ डॉलर, तर मूळरूप आहारात १५१ डॉलर होता. म्हणजे सकस अन्न महाग पडते हे अमेरिकेत खरे आहे, आणि तेथील ते सत्य जसेच्या तसे उचलून येथे बोलले जाते. भारतातील धान्य, कडधान्य आणि पालेभाजी यांच्या भावाची रचना वेगळी असल्यामुळे हिशेब येथे नव्याने मांडावा लागतो.

असा हिशेब मांडण्याची परंपरा या देशात जुनी आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी एका लहानशा खोलीत जे केंद्र सुरू केले, त्याचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅककॅरिसन यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे रोजचे अन्न खाऊ घालून त्यांची वाढ तपासली, तेव्हा सबंध गव्हाच्या पिठाची चपाती, दूध, डाळ, भाज्या असे अन्न मिळालेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले; आणि ज्या गटाला तत्कालीन गरीब इंग्रज कुटुंबाचे अन्न, म्हणजे पांढरा पाव, मार्गरीन, गोड चहा, जॅम, उकडलेल्या भाज्या आणि डबाबंद मांस दिले, त्याची वाढ खुंटली आणि त्यात फुप्फुसांचे व आतड्यांचे विकार वाढले. आज शहरी मराठी घरातील सकाळचा पाव, जॅम आणि गोड चहा पाहिला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगात हरलेल्या गटाचा आहार आपण पैसे मोजून घरी आणला आहे, असे म्हणावे लागते.

पैसे किती मोजले जातात, हेही ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च अन्नावर होतो. त्यातील सर्वांत मोठा वाटा पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचा, म्हणजे एकूण खर्चाच्या १०.६ टक्के आहे. दुधाचा वाटा ७.२ टक्के, भाज्यांचा आणि फळांचा प्रत्येकी ३.८ टक्क्यांच्या आसपास आणि डाळींचा तर जेमतेम १.४ टक्के आहे. पहिल्या वाट्यात बाहेरचे जेवण आणि चहादेखील येतो, त्यामुळे तो सगळाच वाईट अन्नावर जातो असे नाही. पण भाज्या, फळे आणि डाळी या तिन्हींवर मिळून होणाऱ्या खर्चाहून तो मोठा आहे, ही गोष्ट लपत नाही. आहार सुधारण्यासाठी लागणारा पैसा बहुतेक घरांत आधीच अन्नावर खर्च होत असतो, फक्त तो दुसऱ्या ओळीवर टाकलेला असतो.

त्या ओळी कोणत्या असाव्यात, हे सांगण्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेता येतो. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी तेथे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या बदल्यात अंडी-मांस-मासे, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया व सुका मेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सुचवले आहे. ग्रॅमची भाषा स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून चार माणसांच्या घराला महिन्याच्या हिशेबाने गुणावे: धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो, भाजी ४८ किलो, फळे १२ किलो, दूध ३६ लिटर, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून ४ किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर आकडे बदलतील, पण प्रमाण साधारण हेच राहील. आता ही यादी नेहमीच्या यादीशेजारी ठेवावी. बहुतेक घरांत पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपतो आणि तूरडाळ दोन-तीन किलोंवर थांबते. म्हणजे तेल दीडपट आणि कडधान्य निम्म्याहून कमी. भाजीचे ४८ किलो ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण ती दिवसाला दीड किलोच्या किंचित वर होते, आणि आमटीतला शेवगा, पिठल्यातला कांदा, कोशिंबिरीतली काकडी व थालीपिठातली मेथी हे सगळे त्यात धरायचे असते.

भावाचा विचार करताना किरकोळ बाजारातील दर गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलत असल्याने हमीभावाचे, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या किमान आधारभूत किमतीचे आकडे तुलनेला बरे पडतात. ते दुकानातले भाव नव्हेत, पण पिकापिकांतील प्रमाण त्यांवरून कळते. २०२४-२५ च्या खरिपासाठी क्विंटलमागे बाजरी २,६२५ रुपये, मालदांडी ज्वारी ३,४२१, नाचणी ४,२९०, तूर ७,५५० आणि मूग ८,६८२ रुपये असा हमीभाव होता, तर त्यानंतरच्या रब्बीसाठी गहू २,४२५ आणि हरभरा ५,६५० रुपये होता. यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, भरड धान्ये ही गरिबाची स्वस्त धान्ये राहिलेली नाहीत: ज्वारी गव्हापेक्षा क्विंटलमागे हजार रुपयांनी वरचढ आहे, आणि ‘पूर्वीसारखी ज्वारी खा’ असे सांगणाऱ्याने ही वाढ मान्य करूनच सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. हरभरा, तूर आणि मूग यांतील प्रथिनांचे प्रमाण शंभर ग्रॅमला १९ ते २४ ग्रॅम असे जवळपासचे असताना हरभऱ्याचा भाव मुगाच्या दोन-तृतीयांशाइतकाच आहे. प्रथिनांसाठी पैसे मोजायचे असतील, तर हरभरा, त्याची डाळ, बेसन, फुटाणे, आणि जोडीला शेंगदाणे यांच्याइतका किफायतशीर मार्ग शाकाहारी घराला दुसरा नाही. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यात मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि म्हणून भाकरी-पिठले हे जेवण गरिबीचे लक्षण म्हणून गणले गेले असले, तरी पोषणाच्या दृष्टीने ते पुरेपूर विचाराचे आहे.

ज्वारी महाग असूनही ती का घ्यावी, याचे उत्तर तिच्यातील तंतुमय द्रव्यांत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते, तर सडीक पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. बाजरीत लोह साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास आणि नाचणीत कॅल्शियम तब्बल ३६४ मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेता लोहाचा हा फरक किरकोळ नाही. मात्र ज्या घराला ज्वारीचा वाढीव खर्च झेपत नाही, त्याने न चाळलेल्या कणकेवर राहावे. गव्हाच्या सबंध पिठातही ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ते तीनच्या आत येतात, आणि कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देणे म्हणजे विकत घेतलेले पोषण फेकून देणे आहे.

दूध आणि फळे या दोन ओळी मात्र खरोखरच जड जातात आणि तेथे काटकसर कशी करावी, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. दूध कमी करावे लागले, तर नाचणीची आंबील, तीळ आणि पालेभाज्या यांनी कॅल्शियमची काही भरपाई होते. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली यांसारखी स्वस्त मासळी किंवा चटणीपुरता सुका जवळा ही त्याहून चांगली सोय आहे. फळांत सफरचंदाचा आग्रह सोडला की केळी, पेरू, पपई, बोरे, आवळा हे सारे आवाक्यात येते. पेरू आणि आवळा यांतील क जीवनसत्त्व त्याच जेवणातील लोह शोषून घेण्यास मदत करते, आणि उसळीवर पिळलेले लिंबूही तेच काम करते. याउलट जेवणाला लागून घेतलेल्या चहातील टॅनिन ते शोषण रोखते, तेव्हा चहा तासभर पुढे ढकलणे हा फुकटचा उपाय आहे.

काही खर्च मात्र स्पष्टपणे नाकारले पाहिजेत. किन्वा, चिया, ॲव्होकॅडो, परदेशी ओट्स यांच्यात विषारी असे काही नाही, पण ज्या घरात कुळीथ, जवस, तीळ आणि अळीव मिळतात, तेथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. शेंगदाण्यात प्रथिने बदामापेक्षा कमी नाहीत आणि भावात कित्येक पटींचे अंतर आहे. लाकडी घाण्याच्या तेलाला चव आणि वास उत्तम असतो, परंतु महिन्याला पाच लिटर तेल खाणाऱ्या घराने दुप्पट भावाचे तेल पाच लिटर आणण्यापेक्षा साधेच तेल साडेतीन लिटर आणावे. साखरेऐवजी गूळ वापरला म्हणजे गोड खाण्याचा परवाना मिळाला, ही समजूतही सोडावी. गुळात थोडी खनिजे असली, तरी त्याचा बहुतांश भाग साखरच आहे.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे श्रमांकडे, वळावयास हवे. पाकिटातला पदार्थ स्वस्त असतो म्हणून घरात येत नाही. दहा रुपयांच्या पुड्यात पन्नास ग्रॅम माल असेल, तर त्याचा भाव किलोला दोनशे रुपये पडतो आणि त्या भावात उत्तम हरभरा किंवा शेंगदाणे येतात. तो येतो, कारण सायंकाळी सात वाजता दमून घरी आलेल्या माणसाच्या आणि भुकेल्या मुलाच्या मधे उभे राहणारे, दोन मिनिटांत तयार होणारे दुसरे काही घरात नसते. जुन्या मराठी स्वयंपाकघराला हा प्रश्न ठाऊक होता आणि त्याने त्यावर आपली व्यवस्था बसवली होती. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, नाचणीचे सत्त्व, कुळथाची पिठी, डांगराचे पीठ, सातूचे पीठ, सांडगे, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची कोरडी चटणी हे सगळे पदार्थ म्हणजे त्या काळातील तयार अन्न होते: निवडण्याचे, भाजण्याचे आणि दळण्याचे काम एकदाच, अनेक हातांनी, सवडीच्या दिवशी उरकून ठेवायचे आणि मग अडीअडचणीच्या वेळी पाणी आणि विस्तव एवढ्यावर जेवण उभे करायचे. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा, उडीद यांना धणे-जिऱ्यांची जोड असते. धान्य निरनिराळे भाजल्याने त्यातील ओलावा जातो, पीठ लवकर खराब करणारी विकरे (रासायनिक बदल घडवणारी प्रथिने) निष्प्रभ होतात आणि डबा दोन-तीन महिने टिकतो. पाकीट फाडून नूडल्स शिजवण्यास लागतो त्याहून थोड्याच अधिक वेळात भाजणीचे पीठ भिजवून, त्यात चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी घालून थालीपीठ लागते. आणि त्यात धान्य, कडधान्य आणि भाजी तिन्ही आलेली असतात. ही व्यवस्था एकत्र कुटुंबाबरोबर मोडली आणि तिची जागा कारखान्याने घेतली. ती आहे तशी परत आणणे शक्य नाही, पण तिच्यातील तत्त्व चार माणसांच्या घरालाही पेलण्याजोगे आहे. भाजणी महिला बचत गटांकडून किंवा विश्वासाच्या घरगुती विक्रेत्याकडून विकत घेण्यातही काही कमीपणा नाही. तिचा भाव घरी केलेल्या भाजणीपेक्षा जास्त पडतो, तरी फरसाणापेक्षा तो पैसा अधिक सत्कारणी लागतो.

कडधान्याचे काम तर मुळात श्रमाचे नसून आठवणीचे आहे. मटकी रात्री भिजत घालावयास दोन मिनिटे लागतात, सकाळी उपसून फडक्यात बांधण्यास आणखी दोन, आणि पुढे मोड आपसूक येतात. अडते ते एवढ्यावरच की आदल्या रात्री कुणाला आठवले नाही. म्हणून आठवड्यातील दोन ठरावीक रात्री भिजवणीच्या ठेवाव्यात. एका रात्री मोडाची म्हणजे मटकी, मूग किंवा हुलगे, आणि दुसऱ्या रात्री हरभरा, चवळी किंवा राजमा भिजवून कुकरमध्ये एकदम दोन वेळांचे शिजवून घ्यावे आणि अर्धे हवाबंद डब्यात शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. ऐनवेळी फक्त फोडणीचे काम उरते. भिजवल्याने आणि मोड आणल्याने फायटिक आम्ल, म्हणजे लोह व जस्त यांना बांधून ठेवणारे द्रव्य, कमी होते आणि कोरड्या कडधान्यात जवळपास नसलेले क जीवनसत्त्व मोडात तयार होते. भिजवल्यामुळे शिजण्याचा वेळ आणि गॅसही वाचतो, हा लाभ वरकड आहे.

भाकरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो सोपा आहे असे भासवण्यात अर्थ नाही. भाकरी थापणे हे कौशल्य आहे, ते सगळ्यांना येत नाही, आणि सकाळच्या डब्यात ठेवलेली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. त्यामुळे डब्याला पोळी आणि रात्री भाकरी ही विभागणी व्यवहार्य ठरते. शहरातील पुष्कळ घरांत पोळ्या करण्यास मावशी येतात. त्यांना आठवड्यातील चार संध्याकाळी पोळ्यांऐवजी भाकरी करण्यास सांगावे आणि मोबदला थोडा अधिक द्यावा, कारण भाकरीला एकेक करून वेळ लागतो. ज्यांना थापणे जमत नाही, त्यांनी ज्वारीच्या पिठाची धिरडी करावीत, किंवा कणकेत चौथा हिस्सा ज्वारीचे पीठ मिसळावे. पोळी तरीही लाटता येते. दळण मात्र थोडे थोडे आणावे. शिळ्या पिठाची भाकरी थापताना तुटते, आणि बाजरीत स्निग्धांश ज्वारीच्या तिपटीइतका असल्याने तिचे पीठ उन्हाळ्यात आठवडाभरातच कडवट लागू लागते.

हे सगळे काम कुणी करावयाचे, हा प्रश्न आहारावरील लेखनात बहुधा मौनाने सोडवला जातो, आणि ते मौन कुणाच्या वाट्याला काम घालते हे उघड आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातील ८१ टक्के स्त्रिया विनामोबदला घरकामात सहभागी आढळल्या आणि त्या दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. पुरुषांपैकी केवळ २६ टक्के सहभागी होते आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे होती. या विषम पायावर ‘घरचे ताजे, सकस अन्न’ या घोषणेची उभारणी केली, तर आधीच पाच तास राबणाऱ्या स्त्रीच्या दिवसात आणखी एका तासाची भर पडते, आणि ती थकली की योजना कोलमडते. आहारतज्ज्ञाने गृहिणीला एकटीला समोर बसवून यादी द्यावी, ही पद्धत म्हणूनच सदोष आहे. वस्तुतः मूळरूप अन्नातील बरेचसे काम पाककौशल्याचे नाही: गिरणीवर जाणे, पालेभाजी निवडणे, कडधान्य भिजवणे, शेंगदाणे भाजून त्यांचे कूट करणे, कुकर लावणे, काकडी चोचवणे, ताक घुसळणे हे दहा-बारा वर्षांच्या मुलापासून निवृत्त आजोबांपर्यंत कुणालाही करता येते. ज्या घरात ही कामे वाटली जात नाहीत, त्या घराला आहारबदलाचा सल्ला न दिलेला बरा.

मुलांच्या आवडीनिवडीबाबत घाई करू नये. अनोळखी चवीला नकार देणे ही लहान मुलांची स्वाभाविक प्रवृत्ती असून, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांच्या संशोधनातून असे दिसले की, जबरदस्ती न करता तोच पदार्थ आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा चाखायला मिळाला की स्वीकार वाढू लागतो. दोनदा नाकारलेली उसळ कायमची बाद करणे ही मोठ्यांची अधीरता आहे. प्रौढांच्याही पोटाला सवड लागते. तंतूंचे प्रमाण एकाएकी दुप्पट केले तर पोट फुगते आणि दोष ज्वारीला किंवा हरभऱ्याला दिला जातो. पहिल्या महिन्यात दोनच ओळी बदलाव्यात आणि पाणी पुरेसे प्यावे.

पाकीटबंद अन्न पूर्णपणे बंद होणार नाही, आणि तसा हट्टही नको. मात्र पाकिटाची मागची बाजू वाचण्याची सवय लावावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे पुढे ‘मल्टिग्रेन’ असे ठळक छापलेल्या पुड्याच्या यादीत पहिला शब्द मैदा असेल, तर बाकीची धान्ये नावापुरती आहेत असे समजावे. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही सारी साखरेचीच रूपे आहेत. पावाचा तपकिरी रंग कोंड्यामुळेच असतो असे नाही, तो कॅरॅमलमुळेही येतो. मुलांच्या दुधात घालावयाच्या माल्टयुक्त पुडीला ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नये, अशी सूचना केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिली. पण ती पुडी यादीतून वगळण्यासाठी मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

दिवाळीच्या अंकात असे लिहिताना फराळाविषयी न बोलणे अशोभनीय ठरेल. चकलीच्या भाजणीत तांदूळ आणि दोन-तीन डाळी असतात, चिवड्यात पोहे, डाळे आणि शेंगदाणे असतात, अनारसा तर भिजवून आंबवलेल्या तांदळाचा. तळणे आणि साखर सोडली, तर हा फराळ वर्षभराच्या बिस्किटांपेक्षा पुष्कळच बरा आहे, आणि चार दिवसांच्या करंज्यांनी कुणाचे आरोग्य बिघडलेले नाही. बिघडते ते उरलेल्या तीनशे साठ दिवसांच्या संध्याकाळी, आणि लक्ष तेथे दिले पाहिजे.

त्यासाठी ऋतूही अनुकूल आहे. दिवाळी उलटली की मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, पेरू आणि आवळे हे सगळे बाजारात येऊ लागते आणि पौषापर्यंत भाव उतरत जातात. वाचकांनी येत्या महिन्याच्या यादीतून बिस्किटे, टोस्ट आणि फरसाण यांच्या ओळींपैकी निम्म्या खोडाव्यात, वाचलेल्या पैशांत दोन किलो हरभरा, एक किलो मटकी, दोन किलो शेंगदाणे आणि पाच किलो ज्वारी लिहावी, आणि जिन्नसांपुढे जसे वजन लिहिले जाते तसे भिजवण, दळण आणि निवडणे या कामांपुढे घरातील माणसांची नावे लिहावीत. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बीची नवी ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास बाजारात येते. वर्षाची ज्वारी भरावयाची की नाही, हा निर्णय तोवर घरात किती भाकरी खपल्या ते पाहूनच घ्यावा.